शिकवायचं कसं, हे आम्हाला कोणी शिकवलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रेडिओग्राफीच्या विद्यार्थ्यांवरचा आपल्या कालच्या अंकातला लेख वाचला. ‘एक्स-रे विभागातले सीनियर शिकवत नाहीत, टाळतात’ हे वाक्य त्यात तीन वेळा आलं आहे. गेली १९ वर्षं मी हे काम करते आहे, म्हणजे त्या सीनियरांपैकीच एक. रात्रभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहिते.

आम्ही टाळतो हे खरं आहे. पण कंटाळा येतो म्हणून नव्हे, भीती वाटते म्हणून.

माझ्याकडे पहिली विद्यार्थिनी आली ती ड्यूटीच्या तक्त्यातून. माझ्या नावासमोर तिचं नाव लिहिलेलं होतं, एवढंच. शिकवण्याबद्दल त्याआधी मला कोणी अर्धा तासही काही सांगितलं नव्हतं. एका रात्री अपघातातला रुग्ण आला, मानेला कॉलर. तिने मानेचा लॅटरल, म्हणजे बाजूने घेतलेला एक्स-रे, काढला. पोझिशन नीट होती, पण सहाव्या मणक्याच्या खालचं सगळं खांद्यांआड गेलेलं. “मॅडम, चालेल का?” चालणार नव्हतं. मानेचा सातवा मणका आणि त्याखालचा छातीचा पहिला मणका जिथे जुळतात ती जागा दिसल्याशिवाय मान ठीक आहे असं म्हणता येत नाही. तिथलीच इजा नजरेतून निसटते. मी तिला बाजूला केलं, डॉक्टरांना विचारून रुग्णाचा डिटेक्टरकडचा, म्हणजे किरण टिपणाऱ्या पाटीकडचा, हात वर घेतला, खांद्यांआडची जागा दाखवणारा स्विमर्स व्ह्यू काढला आणि पुढच्या रुग्णाकडे वळले.

सकाळी निघताना तिने हळूच विचारलं, “मी बटण दाबायच्या आधीच तुम्हाला कळलं होतं का, की सातवा मणका येणार नाही?”

कळलं होतं. रुंद खांद्यांचा तरणाताठा माणूस, बघताक्षणी कळलं होतं. पण रुग्णासमोर तिला थांबवायचं कधी आणि कोणत्या शब्दांत, हे मला येत नव्हतं. मी गप्प राहिले आणि एक एक्स्पोजर, म्हणजे किरणांचा एक डोस, त्या माणसाच्या मानेतून फुकट गेलं. तिला मी उत्तर दिलं, “अनुभवाने कळतं.” त्या उत्तराची मला आजही लाज वाटते.

सुतारकाम शिकताना फळी वाया गेली तर दुसरी घेता येते. इथे बटण दाबेपर्यंत सगळं दुरुस्त होऊ शकतं, दाबल्यावर दिलेला डोस परत घेता येत नाही. छातीच्या एका एक्स-रेचा डोस साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट, कंबरेच्या मणक्यांचा त्याच्या कितीतरी पट. विद्यार्थ्याची चूक म्हणजे रिपीट, तोच एक्स-रे पुन्हा, आणि रिपीटची किंमत तिसराच माणूस मोजतो. म्हणून आम्ही झटकन हात घालतो, स्वतः करून मोकळे होतो, आणि विद्यार्थ्याचा हात काही बसत नाही. किती वेळ थांबायचं आणि नेमकं कधी बोलायचं, हे कौशल्य पोझिशनिंगपेक्षा वेगळं आहे. ते उत्तम रेडिओग्राफरला आपोआप येत नाही.

त्यात शिकलेलंही बदलत जातं. फिल्मवर जास्त एक्स्पोजर दिलं की फोटो काळा पडायचा, चूक डोळ्यांना दिसायची. डिजिटलमध्ये जास्त डोसचा फोटो उलट अधिक स्वच्छ दिसतो. डिटेक्टरवर किती किरण पडले ते सांगणारा एक्स्पोजर इंडेक्सचा आकडा वाचला तरच चूक कळते. किरणांपासून बचाव म्हणून जननेंद्रियांवर शिसं ठेवायचं, हे मी कित्येक वर्षं आग्रहाने सांगत आले. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९मध्ये ही सरसकट पद्धत थांबवावी असं सांगितलं. जो भाग बघायचा तोच शिसं झाकू शकतं, आणि पुरेसे किरण झाले की मशीन आपोआप थांबवणाऱ्या ऑटोमॅटिक एक्स्पोजरच्या सेलसमोर आलं तर डोस वाढतो. हे मला एका दुसऱ्या वर्षाच्या मुलाकडून कळलं, तेही रुग्णासमोर. त्या दिवसानंतर महिनाभर मी विद्यार्थ्यांना स्वतःहून काही सांगायला धजले नाही. तुमच्या लेखाच्या भाषेत मी ‘टाळलं’.

आणि मूल्यमापनाचा कागद! एका विद्यार्थ्याच्या कागदावर मी ‘अजून तयार नाही’ असं लिहिलं. त्याच्या कॉलेजातून फोन आला, एवढ्यासाठी त्याचं वर्ष घालवणार का? माझ्या पाठीशी कोणीही उभं राहिलं नाही. मी शेरा बदलला. तो मुलगा आज कुठेतरी एकटा नाइट ड्यूटी करत असेल.

लेखकाने चौदा विद्यार्थ्यांशी बोलल्याचं लिहिलं आहे. सीनियर एकही नाही. आम्हाला शिकवायचं प्रशिक्षण द्या, विद्यार्थी सोबत असेल त्या दिवशी रुग्णांची यादी थोडी कमी ठेवा आणि आमच्या शेऱ्याला किंमत द्या, एवढं तरी आमच्यापैकी कोणीही सांगितलं असतं.

जाता जाता आणखी एक. लेखासोबतचा छातीचा एक्स-रे उलटा छापला आहे. हृदयाचं टोक बघणाऱ्याच्या उजवीकडे हवं, ते डावीकडे आहे. हृदय उजवीकडे असलेली माणसं असतात, म्हणून मी भिंग घेऊन पाहिलं. कोपऱ्यातल्या मार्करवरचा, म्हणजे डावी-उजवी बाजू दाखवणाऱ्या खुणेवरचा, ‘एल’सुद्धा आरशातल्यासारखा आहे, म्हणजे फोटोच फिरला आहे. विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी आम्ही मार्कर लावायला आणि वाचायलाच शिकवतो, कारण डाव्या-उजव्याच्या घोळात भलत्याच बाजूवर शस्त्रक्रिया होऊ शकते. माझ्याकडच्या दोन विद्यार्थिनींनी हा लेख कापून ठेवला आहे. कृपया योग्य बाजूचा फोटो पुन्हा छापावा.

आपली,
एक रेडिओग्राफर