रागातही वगळलेलं

प्रिय सुहास,

परवा फोनवर तू ठासून म्हणालास, "सरकारं भांडू देत, व्यापाऱ्याला फक्त नफा कळतो." मी तेव्हा वाद घातला नाही, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. तुझं निम्मं बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यासाठी हे पत्र.

नॉर्वेचंच बघ. २०१० साली लिऊ शियाओबो या तुरुंगातल्या चिनी लेखकाला शांततेचं नोबेल मिळालं. निवड करणारी समिती नॉर्वेच्या सरकारच्या हुकमात नाही, पण चीनने राग काढला तो सरकारवर, आणि भोगलं नॉर्वेहून चीनला जाणाऱ्या सॅमन माशाने. 'बंदी' हा शब्द कुणी उच्चारला नाही. नुसत्या तपासण्या वाढल्या, परवाने रखडले. ताजा मासा तपासणीत अडकून पडला की संपलंच ना! शिवाय दाद मागायची तर कशाविरुद्ध? आरोग्य तपासणीविरुद्ध? (या खोडसाळपणाचं मला थोडं कौतुकही वाटतं, खोटं कशाला बोलू.) डिसेंबर २०१६ मध्ये संबंध पूर्ववत झाले, तेव्हा चीनच्या 'मूळ हितांना' बाधा येईल अशा कशालाही पाठिंबा देणार नाही, असं नॉर्वेने संयुक्त निवेदनात मान्य केलं. नाक दाबलं की तोंड उघडतं, ते असं.

पण दाबणाराही बघून दाबतो. एप्रिल २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाने कोरोनाच्या उगमाची स्वतंत्र चौकशी मागितली. मे महिन्यात तिथल्या बार्लीवर चीनने ८०.५ टक्के शुल्क बसवलं. कागदोपत्री कारण डम्पिंगचं, म्हणजे पडत्या भावात माल परदेशात ओतल्याचं. मागोमाग वाइन, कोळसा, लॉब्स्टर. लोहखनिजाला मात्र हात लावला नाही, कारण स्वतःच्याच पोलादाच्या भट्ट्या अडल्या असत्या. बार्लीने सौदी अरेबियाची वाट धरली. इथे तुझा व्यापारी जिंकला, कबूल. पुढे ऑस्ट्रेलियात सरकार बदललं, बोलणी सुरू झाली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ते शुल्क उठलं.

माझं आवडतं उदाहरण कतारचं. जून २०१७ मध्ये सौदी, अमिराती, बहरीन आणि इजिप्तने कतारशी संबंध तोडले. कतारची एकमेव जमिनीवरची सीमा बंद झाली, दुधाची पंचाईत झाली, तर या पठ्ठ्यांनी विमानातून गाई आणल्या! आणि या सगळ्या काळात 'डॉल्फिन' पाइपलाइनमधून कतारचा वायू अमिरातीला जातच होता. बोलणं बंद, विमानं बंद, पण वीजनिर्मितीचा वायू चालू. जानेवारी २०२१ मध्ये समेट झाला, तोवर हे असंच.

तेव्हापासून मला खोडच लागली आहे. कुठे निर्बंध लागले की मी आधी वगळलेल्या वस्तूंची यादी शोधतो. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने चिनी मालावर अवाच्या सवा शुल्क लावलं आणि काही दिवसांतच स्मार्टफोन आणि संगणक त्यातून बाजूला काढले. वाचताना तुझी आठवण झाली. हे वगळणं व्यापाऱ्याचं यश की सरकारची अडचण? तू पहिलंच म्हणशील, मला ठाऊक आहे. पण कारणांसकट लिही, फोनवर तू नेहमी निसटतोस.

तुझा,
माधव