ताई, तो स्क्रू मी काढून टाकला

प्रिय ताई,

तुम्ही मला कधीच काही करून दिलं नाहीत. फाइल परत पाठवायचात, सोबत एक प्रश्न. तेव्हा त्याचा राग यायचा, आज आभार मानायचेत ते त्याचेच. समोरासमोर मला हे बोलता येणार नाही, म्हणून हे उघड पत्र.

पहिला प्रश्न आठवतो का? इमारतीचं आयएफसी मॉडेल (भिंत, दार, पाइप अशा प्रत्येक भागाची माहिती ठेवणारी फाइल) ब्राउझरमधल्या थ्रीडी नकाशावर चढवायचं होतं. मी कन्व्हर्टर चालवला, असेल-नसेल ते सगळं आत ओतलं आणि नकाशा गोठला. वर गंमत म्हणजे प्रत्येक खोलीत एक भरीव ठोकळा आणि दारांच्या जागी विटा भरल्यासारखं काहीतरी! खोल्यांची पोकळी आणि भिंतींतली भोकं याही आयएफसीत स्वतंत्र वस्तू असतात, त्या दाखवायच्या नसतात, हे मला कुठे ठाऊक होतं. तेवढं निस्तरलं आणि वेग वाढावा म्हणून आकारांची माहिती दाबून बसवणारं ड्रॅको कॉम्प्रेशन लावलं. फाइल छान आक्रसली, नकाशा मात्र होता तसाच रखडत राहिला.

तुम्ही म्हणालात, "जखम मांडीला, मलम शेंडीला. वेळ फाइल उतरायला लागतोय की चित्र काढायला?"

हे मी मोजलंच नव्हतं. मोजल्यावर दिसलं की प्रत्येक भिंत, पाइपचा प्रत्येक तुकडा वेगळा मेश, म्हणजे त्रिकोणांची सुटी जाळी, आहे आणि दर फ्रेमला ग्राफिक्स कार्डाकडे "हे काढ" असे हजारो सुटे हुकूम, म्हणजे ड्रॉ कॉल, जातायत. कॉम्प्रेशनने त्यातला एकही कमी होणार नव्हता.

मग तो स्क्रू. तुम्ही एका दाराच्या हँडलवर झूम करत गेलात आणि स्क्रीन माझ्याकडे वळवलीत. वायरफ्रेममध्ये, म्हणजे नुसत्या रेषांच्या सांगाड्यात, स्क्रूचं डोकं म्हणजे ३६ बाजूंचा दंडगोल: कडेचे ७२ त्रिकोण, वरखाली मिळून ६८, एकूण १४०. दाराला असे चार स्क्रू आणि दारं सहाशे. गुणाकार मलाच करायला लावलात. ३,३६,००० त्रिकोण, नुसत्या स्क्रूंचे. "नकाशावर हे कोण बघणार आहे?" एवढंच विचारून तुम्ही चहाला गेलात.

त्या संध्याकाळी मी यादी करायला बसलो. नकाशा उघडणारा देखभालीचा माणूस काय शोधतो? पंप, व्हॉल्व्ह, खोली, मजला. स्क्रू गेले, बिजागऱ्या गेल्या, स्लॅबमधल्या सळ्या गेल्या. गोल पाइप ३६ ऐवजी १२ बाजूंचे केले. दहा मीटरवरून फरक मला तरी ओळखता आला नाही.

दारांचं मात्र तुम्ही सांगितलंत म्हणूनच कळलं. मॉडेलमध्ये दाराचा आकार एकदाच लिहिलेला होता, बाकी ठिकाणी नुसती "तोच आकार, इथे ठेवा" अशी नोंद. माझा कन्व्हर्टर ती उलगडून सहाशे नकला काढत होता. इन्स्टन्सिंग, म्हणजे एकच आकार जागोजागी वापरणं, चालू केलं आणि मेमरी एकदम उतरली. तुमचा इशारा ध्यानात आहे: त्याने नकला वाचतात, त्रिकोण तेवढेच रंगवावे लागतात. म्हणून स्क्रू आधी काढायचे.

उरलेल्या भिंती-पाइप मी उत्साहात मटेरिअलप्रमाणे एकत्र बांधले. वेग आला, पण क्लिक केलं की सगळी इमारत एकच वस्तू! पुन्हा तुमच्या टेबलाशी. "गाठोडं बांध, पण चिठ्ठ्या ठेव." म्हणजे त्रिकोणांच्या प्रत्येक शिरोबिंदूला वस्तूचा क्रमांक आणि त्या क्रमांकासमोर तक्त्यात तिचा २२ अक्षरी ग्लोबल आयडी. मॉडेलचे तुकडे करून नकाशावर लागतील तसे उतरवायच्या थ्रीडी टाइल्स या पद्धतीत याची सोय आहेच. मी ते वाचलं होतं, पण कशासाठी असतं ते उमगलं नव्हतं.

जागेवर बसवण्याचं प्रकरण आठवलं की अजून हसू येतं. इमारत चक्क अधांतरी! मी उंचीत अंदाजाने आकडे वजा करत बसलो होतो. तुम्ही विचारलंत, "ही उंची कशापासून मोजलीय?" मॉडेलची समुद्रसपाटीपासून, नकाशाची लंबगोलापासून, म्हणजे पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापासून. या दोन्हींतला फरक पृथ्वीवर कुठे शंभर मीटर खाली, तर कुठे ऐंशीहून जास्त वर असतो. तो जिऑइडच्या, म्हणजे सरासरी समुद्रसपाटीच्या पृष्ठभागाच्या, मॉडेलमधून काढायचा, डोळ्याने नाही.

इमारत जमिनीवर टेकली आणि थरथरायला लागली. आगीतून फुफाट्यात. झूम केलं की भिंतीच्या कडा नाचायच्या. मला वाटलं, ग्राफिक्स कार्ड गेलं. तुम्ही कागदावर ६३,७८,१३७ लिहिलंत, विषुववृत्ताशी पृथ्वीची मीटरमधली त्रिज्या. ३२ बिटांच्या दशांश संख्येत एवढ्या मोठ्या आकड्याजवळ दोन लगतच्या किमतींमध्ये अर्धा मीटर अंतर पडतं. दाराची चौकट दहा सेंटीमीटरची, मग ती नाचणार नाही तर काय? शिरोबिंदू इमारतीच्या मध्यापासून मोजले, मोठं सरकवणं टाइलच्या मॅट्रिक्समध्ये, म्हणजे तिची जागा ठरवणाऱ्या आकड्यांच्या चौकटीत, ६४ बिटांत ठेवलं आणि थरथर थांबली. तो कागद माझ्या खणात आहे.

टाइल्स पाडताना मात्र मी तुमचं ऐकलं नाही. तुम्ही मजल्यांप्रमाणे म्हणत होतात. मी आधी बाहेरचं कवच आणि आतलं सामान वेगळं केलं, मजले त्याच्या आत. लांबून फक्त कवच उतरतं, जवळ गेलं की आतलं. भिंत बाहेरची की आतली हे सांगणारा गुणधर्म मॉडेलमध्ये बऱ्याच ठिकाणी रिकामा होता, त्यामुळे दोन दिवस हाताने खुणा केल्या. तरीही माझंच बरोबर होतं असं मला वाटतं.

परवा पंपघरात एका तंत्रज्ञाने टॅबवर नकाशा उघडला, पंपावर बोट ठेवलं आणि शेवटच्या दुरुस्तीची तारीख वाचून कामाला लागला. इमारतीकडे त्याने पाहिलंही नाही.

गोल जिन्याचा कठडा अजून लांबून तुटक दिसतो. जॉमेट्रिक एरर, म्हणजे हलक्या टाइलमधली चूक किती मीटरची धरायची तो आकडा, वाढवली तर जड टाइल फार लवकर उतरते, कमी केली तर तुटकपणा जवळ येईपर्यंत राहतो. फाइल पाठवतोय. प्रश्न विचारलात तरी चालेल.

तुमचा,
अधांतरी इमारतवाला