पहारेकऱ्याचे पत्र आणि संघाचा मालक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

क्रिकेट संघांच्या मालकांबद्दल आपल्या क्रीडा पानावर बरेच छापून येते. संघ किती कोटींना घेतला, लिलावात कोणी किती बोली लावली. असे काही वाचले की मला अमेरिकेतल्या बेसबॉल संघांचा मालक बिल व्हेक हटकून आठवतो.

लेकीकडे शिकागोला गेले होते तेव्हा रिग्ली फील्ड या मैदानावर बेसबॉलचा सामना पाहिला. खेळातले ओ की ठो कळत नव्हते. डोळ्यांत भरली ती मैदानाच्या विटांच्या भिंतीवर चढलेली हिरवीगार वेल. मध्येच एक चेंडू त्या पानांत घुसून अडकला, तसे खेळाडूने दोन्ही हात वर केले आणि खेळ थांबला. शेजारी बसलेल्या आजोबांनी सांगितले, की ही वेल १९३७ मध्ये तरुण व्हेकने लावली. त्याचे वडील या मैदानावर खेळणाऱ्या ‘शिकागो कब्ज’ संघाचे अध्यक्ष होते. मग मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले.

दुसऱ्या महायुद्धात बूगनव्हिल बेटावर तोफेच्या धक्क्याने त्याचा उजवा पाय चिरडला आणि पुढे तो कापावा लागला. पठ्ठ्याने लाकडी पायात भोक पाडून त्याचा ॲशट्रे केला! १९४६ मध्ये त्याने क्लीव्हलँडचा संघ घेतला. १९४८ मध्ये जो अर्ली नावाच्या रात्रपाळीच्या पहारेकऱ्याने तिथल्या वर्तमानपत्राला पत्र लिहिले: खेळाडूंचे सत्कार होतात, गाड्या मिळतात, मग तिकीट काढून येणाऱ्या साध्या माणसाचा सत्कार का नाही? व्हेकने ते मनावर घेतले. २८ सप्टेंबरच्या रात्री साठ हजारांवर प्रेक्षकांसमोर अर्लीचा सत्कार झाला आणि त्याला नवीकोरी फोर्ड मिळाली. त्याच वर्षी संघाने वर्ल्ड सीरिज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलचे अजिंक्यपद, जिंकली.

पण मला त्याहून मोठी वाटते ती ५ जुलै १९४७ची गोष्ट. अमेरिकन बेसबॉलच्या दोन मोठ्या लीग, नॅशनल आणि अमेरिकन. त्यांपैकी नॅशनल लीगमध्ये जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू त्याच एप्रिलमध्ये उतरला होता. व्हेकने लॅरी डोबीला अमेरिकन लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून उतरवले. रॉबिन्सनच्या जुन्या संघाला छदामही मिळाला नव्हता. व्हेकने मात्र डोबीच्या जुन्या संघाच्या, न्यूअर्क ईगल्सच्या, मालकीणबाई एफा मॅनली यांना १५ हजार डॉलर दिले. गोऱ्या खेळाडूला याच्या कितीतरी पट दिले असतेत, हे एफाबाईंनी त्याला ऐकवले, आणि ते खरेच होते. पहिल्या दिवशी काही सहकाऱ्यांनी डोबीशी हात मिळवला नाही. हे वाचताना मला आपले दलित क्रिकेटपटू पालवणकर बाळू आठवले. पुण्याच्या मैदानावर त्यांना चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यातून मिळे. १९७८ मध्ये व्हेक शिकागो व्हाइट सॉक्सचा मालक होता, तेव्हा त्याने डोबीलाच संघाचा मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, केले.

त्याचे सगळेच मला पटत नाही. १९५१ मध्ये तेव्हा त्याच्या मालकीच्या सेंट लुईस ब्राउन्स संघाकडून त्याने ३ फूट ७ इंच उंचीच्या एडी गेडेलला, पाठीवर १/८ हा आकडा लावून, फलंदाजीला पाठवले. प्रेक्षक खूश झाले, पण माणसाच्या उंचीवर गल्ला जमवणे मला रुचले नाही. १९७९ मध्ये एकाच दिवशीच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात डिस्को गाण्यांच्या तबकड्या मैदानात सुरुंगाने उडवायचा घाट घातला, तो तर अंगाशीच आला. हजारो पोरे मैदानात घुसली आणि दुसरा सामना न खेळताच गमवावा लागला.

१९८१ मध्ये संघ विकल्यावर हा माणूस रिग्ली फील्डच्या स्वस्त बाकांवर, उन्हात, लोकांत जाऊन बसू लागला. १९८६ मध्ये तो गेला.

माझी विनंती एवढीच, की क्रीडा पानावर आठवड्यातून एकदा स्टेडियममधल्या प्रेक्षकांच्या पत्रांना जागा द्यावी. तिकिटाचे दर, पिण्याचे पाणी, बायकांची स्वच्छतागृहे, रात्री सामना संपल्यावर घरी जायची सोय, लिहिण्यासारखे खूप आहे. ते पान संघमालकांच्या कार्यालयांतही जात असेलच.

आपली एक वाचक,
मिरज