बातमीतला उंदीर पहिल्या ओळीत यावा

संपादक महोदय,

जठरात अल्सर आणि कर्करोगाला कारण ठरणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूवर ‘लस सापडली’ अशा मथळ्याच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात आणि प्रयोग उंदरांवर झाला, हे मात्र बातमीच्या शेवटी कुठेतरी कळते. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. घरात अल्सरचा रुग्ण असलेली माणसे अशा बातमीचे कात्रण डॉक्टरांकडे घेऊन जातात, म्हणून हे पत्र.

मुळात या जिवाणूसाठी प्रयोगाचा प्राणी सहजासहजी मिळालाच नाही. डुकराच्या पिलांना संसर्ग करण्याचे प्रयत्न फसले, तेव्हा ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये जिवाणूंचे द्रावण स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला. त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांच्यासह त्यांना २००५ चे नोबेल मिळाले. पुढे १९९७ मध्ये सिडनीच्या संशोधकांनी उंदराच्या जठरात टिकणारा या जिवाणूचा वाण जगासमोर आणला आणि कितीतरी लसींची पहिली परीक्षा त्याच्यावरच होऊ लागली. परंतु माणसाच्या पेशीत कॅग-ए हे घातक प्रथिन सोडणारी यंत्रणा या वाणात नीट चालत नाही. जर्बिल या वाळवंटी प्राण्याला अल्सर आणि कर्करोग दोन्ही होतात, पण त्याची प्रतिकारशक्ती तपासण्याची साधने उंदराच्या मानाने तोकडी आहेत.

‘यश’ कसे मोजतात, हेही वाचकाला सांगायला हवे. लस दिलेल्या उंदराला मारून त्याचे जठर उभे चिरतात, त्याचा तुकडा वाटून रक्तमिश्रित अगारच्या (जिवाणू वाढवायच्या जेलीच्या) बशीत पसरतात आणि कमी ऑक्सिजनमध्ये पाच-सात दिवस ठेवून जिवाणूंच्या टाचणीच्या टोकाएवढ्या पारदर्शक वसाहती मोजतात. त्या शंभरपट घटल्या तरी शोधनिबंधात ‘संरक्षण’ असे लिहिले जाते. जठर पूर्ण जिवाणूमुक्त झालेले क्वचितच दिसते, आणि माणसाच्या जठरात तर हा जिवाणू उपचार न केल्यास बहुधा जन्मभर मुक्काम ठोकतो.

उंदीर आणि बीगल कुत्र्यांत आशादायक ठरलेली तीन प्रथिनांची एक लस निरोगी स्वयंसेवकांना देऊन त्यांना मुद्दाम संसर्ग केला गेला, तेव्हा ती औषधविरहित डोसापेक्षा सरस ठरली नाही, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. याउलट चीनमध्ये चार हजारांहून अधिक मुलांवर तोंडावाटे दिलेल्या लसीची चाचणी झाली आणि पहिल्या वर्षी तिची परिणामकारकता ७१.८ टक्के आढळली (२०१५). म्हणजे लस अशक्य नाही, आणि क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाला दाद न देणारे जिवाणू वाढत असताना ती हवीच आहे.

प्राण्यांवरील प्रयोग थांबवा, असे मी म्हणत नाही. माझी विनंती एवढीच, की प्राणी कोणता, लस संसर्गाआधी दिली की नंतर, आणि जिवाणू नाहीसे झाले की नुसते घटले, या तीन गोष्टी आपल्या वार्ताहरांनी बातमीच्या पहिल्या परिच्छेदातच द्याव्यात.

आपला,
सूक्ष्मजीवशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, सातारा