भाटघरला येण्याआधी

पुणे,
३ फेब्रुवारी

प्रिय सुहास,

नवी थार घेऊन तू पहिल्यांदाच आमच्या ऑफ-रोड गाड्यांच्या ताफ्यात येतोयस, याचा फार आनंद आहे. फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून नीट लिहून पाठवतो. तेवढं वाचूनच गाडी भर.

आधी जागेचं सांगतो. वेळवंडी नदीवरच्या भाटघर धरणाचं पाणी पावसाळा संपला की हळूहळू मागे सरकतं आणि काठाला जमिनीचा रुंद पट्टा उघडा पडतो. त्यातला वरचा भाग मुरमाचा, तिथे चाक धरून राहतं. खालचा भाग गाळाचा, आणि तो फसवा. ऊन खाऊन त्यावर बोट-दोन बोटं जाडीचं कवच धरतं, भेगा पडतात, माणूस वरून सहज चालत जातो. पावणेदोन टनांची गाडी आली की कवच फुटतं आणि खाली लोण्यासारखा ओला गाळ लागतो. म्हणून शंका आली की उतरायचं आणि पहार खुपसायची. वीतभर जाऊन अडली तर ठीक. हातभर सरसर गेली आणि वर काढल्यावर टोकाला काळा चकचकीत गाळ चिकटलेला दिसला, तर तिथूनच माघारी फिरायचं, त्याच चाकोरीतून. वळवायला गेलास तर चारही चाकं नव्या कवचावर जातील.

अधेमधे हिरवे चौकोन दिसतील. ती गाळपेर आहे, ओसरलेल्या जमिनीवर काढलेलं पीक. त्यावर चाक जाता कामा नये, कडेलासुद्धा नाही. तंबू टाकणार ती जमीन खाजगी आहे आणि मालकाची परवानगी घेतली आहे.

डांबर संपलं की पहिलं काम टायरची हवा कमी करणं. दारावरच्या स्टिकरवरचा आकडा डांबरासाठी असतो. मुरूम आणि दगडांवर २२ ते २४ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेव, चिखलात १८ पर्यंत उतर. हवा कमी केली की टायर जमिनीवर लांब पसरतो, पकड वाढते आणि अणकुचीदार दगडावर तो फाटण्याऐवजी दबतो. १५ च्या खाली जाऊ नकोस, वळणावर टायर रिममधून निसटतो. कमी हवेवर वेग तीसच्या आत ठेव. परत भरायला कंप्रेसर हवाच, पण थेट बॅटरीला चिमटे लावायचा घे. लायटरच्या सॉकेटवर मोठा कंप्रेसर लावला की फ्यूज उडतो. भरताना इंजिन चालू ठेव.

फोर हाय, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा नेहमीच्या वेगाचा पर्याय, कोरड्या डांबरावर लावायचा नाही. पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल तुझ्या गाडीत नाही, त्यामुळे वळणावर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे दोन्हीकडे जोर वाटणाऱ्या पेटीवर येतो. फोर लो, म्हणजे कमी वेग आणि जास्त जोराचा पर्याय, मात्र चढ-उतार सुरू व्हायच्या आधी, गाडी पूर्ण थांबवून लाव. उतारावर पहिला गिअर आणि क्लचवरून पाय बाजूला. क्लच दाबलास की इंजिनचा अडसर जातो, गाडी सुटते. चढावर मध्येच बंद पडली तर ब्रेक दाबून धर, रिव्हर्स टाक, सरळ रेषेत मागे ये. तिथे आडवी वळवणं म्हणजे उलटण्याला आमंत्रण. मागे लॉकिंग डिफरन्शियल असेल तर एक चाक फिरायला लागल्यावर अॅक्सिलरेटर सोडू नकोस. हलका दाब धरून ठेव, ठक्क आवाज येईल आणि दोन्ही चाकं एकत्र धरतील. नवे लोक नेमके त्या ठक्कच्या आधी पाय काढतात.

ओढा लागला तर आधी कुणीतरी चालत जाऊन पाहील. थारसाठी पाण्याच्या खोलीचा ६५० मिलिमीटरचा आकडा दिलेला आहे, तो संथ पाण्यातला. वाहत्या पाण्यात गुडघ्याच्या वर मी कुणाला जाऊ देत नाही. एका गिअरमध्ये, एका वेगाने पार व्हायचं. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही! सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडी अडकली म्हणून कुणाला लागत नाही, लागतं ते घाईघाईत ओढताना. ठक्क होऊनही गाडी हलली नाही आणि चाक जागेवरच फिरत राहिलं की पाय काढ. आणखी दाबशील तितका खड्डा खोल होतो आणि अॅक्सल गाळावर टेकतो. मग खाली उतरून फावड्याने चारही चाकांच्या पुढचा गाळ काढायचा, पोटाखालचाही. हवा आणखी कमी करायची, चाकाखाली ट्रॅक्शन बोर्ड (पकड देणाऱ्या खाचेदार फळ्या) खुपसायचे आणि हळू काढून बघायचं. निम्म्याहून जास्त गाड्या इथेच निघतात.

तरीही नाही निघाली तर कायनेटिक दोर. हा नायलॉनचा, ताणला की लांबतो आणि त्या ताणातूनच गाडी उपसली जाते. साधा टो-पट्टा लांबत नाही, त्याने झटका दिला तर आकडाच उपटतो. दोर फक्त चॅसीला पक्क्या बसवलेल्या हुकाला लाव. टो-बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला कधीच नाही, तो तुटला की गोळीसारखा येतो. बंपरमध्ये फिरवून बसवायचा आकडाही झटक्यासाठी नसतो. दोर हुकाला जोडणारा लोखंडी शॅकल (पिनवाली कडी) ४.७५ टनांचा, त्यावर तसा शिक्का हवा. पिन पूर्ण आवळून पाव फेरी उलटी फिरव, नाहीतर ताणानंतर ती जाम होते. दोन दोर जोडायचे असतील तर शॅकलने नाही, एकात एक ओवायचे. दोरावर मधोमध ओली गोधडी टाकायची, म्हणजे तुटलाच तर तो जमिनीवर पडतो. बाकी सगळे दोराच्या दीडपट लांब, बाजूला. ओढणाऱ्याने मीटरभर ढील ठेवून फोर लो, दुसऱ्या गिअरमध्ये निघायचं. अडकलेल्याने दोर ताणला जाताना पहिल्या गिअरमध्ये हलकी साथ द्यायची. इशारे एकाच माणसाचे. बाकी कुणी ओरडलं तरी ऐकायचं नाही.

ताफ्यात तू तिसरा. मागची गाडी आरशात दिसत नसेल तर फाट्यावर थांब. स्टिअरिंग धरताना अंगठे बाहेर ठेव, दगडाला चाक लागलं की ते झटक्याने फिरतं.

सामान: जड वस्तू खाली, दोन अॅक्सलच्या मधे, रॅचेट पट्ट्याने बांधून. टपावर फक्त तंबू आणि झोपण्याच्या पिशव्या. तंबूबरोबर येणाऱ्या अॅल्युमिनियमच्या खुंट्या मुरमात वाकतात, वेल्डरकडून १० मिलिमीटर सळईचे फूटभर तुकडे करून आण. तळ्याकाठी दव पडतं, ताडपत्री घे. पाणी माणशी दिवसाला ५ लिटर. वाळलेल्या गवतात शेकोटी नाही, स्वयंपाक गॅसवर आणि तंबूच्या बाहेरच. शेगडी तंबूत ठेवली तर विषारी वायू साठतो. बूट सकाळी झटकूनच घाल, विंचू आणि फुरसं दोन्ही असतात. प्रतिसर्पविष जवळ कुठे मिळेल ते निघण्याआधी फोन करून पक्कं करतो आहे.

दोर माझ्याकडे २२ मिलिमीटरचा, ९ मीटरचा आहे. ट्रॅक्शन बोर्ड दोनच आहेत, आणखी दोन लागतील. तुला शनिवारआधी मिळाले तर सांग, नाहीतर मी भाड्याने आणतो. आणि पुढचे हुक कुठे आहेत ते गाडीखाली वाकून एकदा बघ, फोटो पाठव.

तुझा,
नितीन