फायबर गावात आले, पण शेवटच्या घराचे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंटरनेटचे फायबर गावाच्या केबिनेटपर्यंत, म्हणजे उपकरणांच्या पेटीपर्यंत, आले की ते गाव ‘जोडले गेले’ अशी नोंद होते. ही मोजणीच चुकीच्या जागी थांबते. वेग आहे की नाही, हे शेवटच्या घरात मोजले पाहिजे.

जीपॉन या घरोघरी फायबर पोचवण्याच्या पद्धतीत एका फायबरवर स्प्लिटर (प्रकाश वाटून देणारा भाग) लावून साधारण ३२ घरे जोडतात. केबिनेटमधल्या ओएलटीतून (प्रकाश पाठवणाऱ्या यंत्रातून) +३ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचे माप) प्रकाश निघाला, तर १:३२चा स्प्लिटर एकटाच सुमारे १७ डीबी (घट मोजण्याचे एकक) खातो. दहा किलोमीटर केबलमध्ये तीनेक डीबी जातात, जोड आणि कनेक्टर मिळून आणखी दोन. म्हणजे मोडेमवर उणे १९च्या आसपास रीडिंग यायला हवे. बी-प्लस या उपकरणांच्या वर्गात मोडेमची मर्यादा उणे २७; त्याखाली प्रकाश पुरत नाही. हाताशी राहिले आठ डीबी, आणि तेच दुरुस्तीतल्या हयगयीत संपतात. नीट केलेला फ्यूजन (वितळवून केलेला) जोड ०.१ डीबीच्या आत बसतो. पण घाईने केलेला जोड किंवा न पुसता खोचलेला कनेक्टर सहज अर्धा-एक डीबी घेतो. खिडकीच्या फटीत काटकोनात दाबलेली, घरात येणारी ड्रॉप वायर तर त्याहून जास्त. मग मोडेमवरचा एलओएसचा (प्रकाश येत नसल्याचा) लाल दिवा लुकलुकू लागतो, मोडेम बदलला जातो आणि दोष वायरीतच राहतो.

यावर उपाय महागडे नाहीत. प्रत्येक दुरुस्तीनंतर पॉवर मीटर (प्रकाश मोजणारे यंत्र) १४९० नॅनोमीटरवर, म्हणजे घराकडे येणाऱ्या प्रकाशाच्या तरंगलांबीवर, लावून शेवटच्या घरातले रीडिंग तारखेसह लिहावे. उणे २५च्या खाली गेले, तर लाइन चालू असली तरी काम अपुरे समजावे. केबल टाकताना प्रत्येक चेंबरमध्ये १०-१५ मीटरचे वेटोळे सोडावे. खोदाईत केबल तुटली तर ते ओढून एकाच जागी जोडता येते. ताणून टाकलेल्या केबलमध्ये मात्र मध्ये तुकडा घालावा लागतो, म्हणजे जोड दोन आणि घटही दुप्पट.

दुसरे दुखणे संध्याकाळचे. जीपॉनच्या एका पोर्टवर सुमारे २.५ जीबीपीएस उतरतात. पण केबिनेटपर्यंत इंटरनेट आणणारी मागची लिंकच १०० एमबीपीएसची असेल, तर ३२ घरे एकदम बसल्यावर वाट्याला जेमतेम तीन एमबीपीएस येतात. दुपारी घेतलेली स्पीड टेस्ट हे कधीच दाखवत नाही. ती रात्री आठ ते दहाच्या दरम्यानच घ्यावी.

आणि वीज. स्प्लिटरला वीज लागत नाही, ओएलटीला लागते. केबिनेटची बॅटरी दमली की सगळी घरे एकदम बंद पडतात. घरातल्या मोडेमला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस पुरतो, पण केबिनेटमधली बॅटरी दर सहा महिन्यांनी लोड लावून तपासायलाच हवी.

कंत्राटाचे बिल किती किलोमीटर केबल टाकली यावर काढू नये. शेवटच्या घरातले प्रकाशाचे रीडिंग, रात्रीचा वेग आणि महिन्यातले बंद तास, हे तीन आकडे गावात फलकावर लावल्याशिवाय अंतिम हप्ता देऊ नये, ही आग्रहाची मागणी.

आपला,
नेटवर्क देखभालीच्या कामातील एक वाचक