राजाच्या घरातला फाटका माणूस

माद्रिद, रविवार

तीर्थस्वरूप आप्पांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "त्या भिकाऱ्याच्या चित्रात एवढं काय आहे गं?" तेवढ्यात फोन कट झाला. प्रादो संग्रहालयात फोटो काढू देत नाहीत, म्हणून लिहूनच कळवते. संध्याकाळी सहानंतर प्रवेश फुकट असतो, त्यामुळे कामावरून सुटले की मी तिकडेच वळते.

चित्र मेनिप्पसचं, स्पेनच्या राजाचा दरबारी चित्रकार वेलास्केस यानं काढलेलं, १६३८ च्या सुमाराचं. पुरुषभर उंचीचं. मेनिप्पस हा जुना ग्रीक तत्त्वज्ञ, मूळचा गुलाम होता म्हणतात. श्रीमंतांची आणि पढीक पंडितांची टर उडवणारा. त्याचं स्वतःचं लिखाण काही उरलं नाही. पण ल्युशन या जुन्या उपहासकार लेखकाच्या संवादांत तो मेल्यावर, नाणं घेऊन मृतांना पाताळात नेणाऱ्या नावाड्याला सांगतो, माझ्याकडे दमडीही नाही, घेणार काय? आणि पाताळात सोन्यासाठी रडणाऱ्या राजांना हसतो.

वेलास्केसनं त्याला विटक्या काळ्या घोंगडीसारख्या झग्यात गुंडाळलंय. टोपी चेपलेली, दाढी पिकलेली. पायाशी जमिनीवर उघडं पुस्तक पडलंय, मागे फळीवर मातीचं भांडं. तो निघालाय, पण जाता जाता खांद्यावरून वळून आपल्याकडे बघतो. डोळे बारीक, ओठांच्या कोपऱ्यात हसू. आप्पा, त्या नजरेसमोर मला माझी नवी पर्स मागे लपवावीशी वाटली.

आता हे चित्र टांगलं कुठे होतं? स्पेनचा राजा चौथा फिलिप याच्या शिकारीच्या बंगल्यात, शेजारी इसापचं, तोही गुलामच. स्पेन तेव्हा वर्षानुवर्षं लढत होता, रयत करांनी पिचली होती. आणि शिकार करून आलेल्या सरदारांना भिंतीवरून हा बघत असणार. कुणी म्हणेल, दरबारच्या करमणुकीसाठीच काढलं. मला नाही पटत. करमणुकीचं चित्र असतं तर त्याचा चेहरा विदूषकाचा असता. हा चेहरा विचार करणाऱ्या माणसाचा आहे, आणि तिथे हसं होतंय ते राजाचं.

तुम्ही लहानपणी गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलेलं सांगायचात ना? चिंध्यांचा अंगरखा, हातात खराटा, आधी गाव झाडायचं आणि मग "बापहो" म्हणत एकेक प्रश्न विचारायचा. समोर बसलेल्या सावकाराची मान खाली जायची म्हणालात. मेनिप्पससमोर मला तेच आठवलं.

एक गोष्ट मात्र सलते. गुलाम तत्त्वज्ञाला इतक्या मानानं रंगवणाऱ्या वेलास्केसच्या स्वतःच्या घरात गुलाम होता, हुआन दे पारेहा. १६५० साली रोममध्ये त्याच्या मुक्तीचा कागद झाला, तोही आणखी चार वर्षं चाकरी करण्याच्या अटीवर. चित्राला विचारावं असं मनात येतं, तू राजाकडे बघत होतास की तुला काढणाऱ्याकडे?

पारेहा पुढे स्वतः चित्रकार झाला. त्याचं १६६१ सालचं भलंमोठं चित्र याच संग्रहालयाचं आहे. विषय येशूचा शिष्य सेंट मॅथ्यू याचा, माणसांची गर्दी. पण अगदी डाव्या कडेला तो स्वतः उभा आहे, ताठ, आपल्याकडे बघत. हातात एक चिठ्ठी आहे आणि तिच्यावर त्याचं नाव.

तुमची,
छकुली